सेंटरची पाठ

लोणीच्या आमच्या जुन्या घराचं दार बापानं स्वतःच्या उंचीनं बसवलं होतं. मिसरूड फुटायच्या आधीच मी त्या चौकटीच्या वर गेलो आणि तिनं माझं कपाळ फोडायला सुरुवात केली. पुढं धाकट्या भावानं ते घर पाडून स्लॅबचं बांधलं. ग्रिल लावलं, टाइल्स बसवल्या, पण दार पुन्हा तेवढंच. मी म्हटलं, अरे, वीतभर तरी वाढव. तर म्हणाला, आप्पा, तुमच्या एकट्यासाठी वेगळी चौकट कुठून आणू, आता तयार माप येतं. म्हणजे साठी उलटलेला माणूस मी, देशाच्या टीमच्या शिबिरापर्यंत जाऊन आलेला, आणि भावाच्या घरात चोरासारखा मान घालून शिरतो.

नवीन ओळख झालेला माणूस मला नाव विचारायच्या आधी उंची विचारतो. मी सांगत नाही. मी त्याला त्याचं वजन विचारतो. मग पावणं पोट आत ओढतात. दुसरा प्रश्न ठरलेला, राव, तुमाला एसटीत उभं ऱ्हाता येतं का? नाही येत. जीपमध्ये बसताही येत नाही. गावात लग्न असलं की मांडवाच्या लाइटची माळ वर अडकवायला मला बोलावणं येतं. जेवायला बोलावतील न बोलावतील, माळेला हमखास बोलावतात. शिडी कुणाच्या घरातली नेत नाहीत, मला नेतात.

मी बास्केटबॉल खेळायचो. एका सरकारी खात्याच्या टीमचा सेंटर होतो. आमच्याकडं बैलगाडा कळतो, कुस्ती कळते, कबड्डी कळते. बास्केटबॉल म्हटलं की लोकांना वाटतं, उंच माणसानं हात वर करायचा आणि चेंडू टोपलीत टाकायचा. खोटं आहे. नाव होतं ते चेंडू पळवत आणणाऱ्याचं आणि लांबून नेम धरून टाकणाऱ्याचं. सेंटर रिंगखाली पाठीनं खेळतो. रिंगकडं पाठ करून उभं राहायचं. मागं तुमच्याएवढाच दांडगा माणूस असतो, त्याचं कोपर तुमच्या बरगडीत असतं, तो सगळं अंग टाकून तुम्हाला रेटत असतो, आणि तुम्ही जागा सोडायची नसते. यातली मेख अशी, की गुडघ्यात बसायचं आणि पाठ ताठ ठेवायची. पाठ वाकली की मागचा माणूस तुम्हाला ढकलून बाहेर काढतो. मग तुम्ही किती का उंच असेना, झालात बाद. हे शिकायला मला दोन हंगाम लागले आणि विसरायला अजून जमलेलं नाही.

मला यात ओढलं ते सरांनी. त्यांना सर म्हणतो ते सवयीनं, आदरानं नव्हे. बापाबरोबर टोमॅटो घेऊन मी नारायणगावच्या मार्केटला गेलो होतो. ट्रकच्या फाळक्यावर पाय न देता खालूनच भरलेली खोकी वर सरकवत होतो. गाडीत चहा पीत बसलेला एक टोपीवाला माणूस उतरला आणि आला. माझे पंजे उलटसुलट करून पाहिले, पायाचं माप पाहिलं, मागं जाऊन पाठीवर थाप मारली आणि बापाला विचारलं, अजून वाढेल का हा? गाड्याचा बैल बघायला येतात ना, तस्सं. बाप काही कमी नव्हता. म्हणाला, दात बी बघा की.

मग नोकरी, हॉस्टेल, शिबिरं. सगळीच वर्षं वाईट गेली असं म्हणणार नाही. हॉलमध्ये छत उंच असायचं आणि दार असं नव्हतंच. तिथं मला कुणी मान घाल म्हणालं नाही. जन्मात तेवढीच एक जागा होती जिथं मी होतो तेवढा उभा राहिलो, म्हणून त्या खेळाला मी आजही शिव्या देऊ शकत नाही. सरांना देतो.

एका फायनलच्या आदल्या दिवशी माझा गुडघा पपईएवढा सुजला. सर डॉक्टर घेऊन आले, सुई टोचली, म्हणाले एकच मॅच, मग आराम. सुईनं दुखणं गेलं आणि मी त्या मेलेल्या गुडघ्यावर सगळी मॅच उड्या मारल्या. आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी पेपरात ढाल घेतलेले सर होते. मी ऑपरेशनच्या टेबलावर होतो. भेटायला सगळी टीम आली, सर आले नाहीत. खेळ तिथंच संपला. उरलेली नोकरी मी ऑफिसात काढली, कपाटांच्या वरच्या फायली काढून देत. तोंडावर साहेब म्हणायचे आणि पाठीमागं स्टूल. मला ठाऊक होतं. त्या माणसाचं तोंड पुन्हा बघायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि पाळलंही होतं.

निवृत्त झाल्यावर लोणीला आलो. बायको पुण्यात मुलाकडं असते. म्हणते, तुमचं ते तोंड घेऊन तुमीच जा गावाला. भावाच्या घराला लागून मी दोन खोल्या बांधल्या आणि मिस्त्रीपुढं स्वतः उभा राहून दार करून घेतलं. जेवण भावाकडं. तिथंच माझं आणि भावजयीचं जुंपलं.

आता हे भांडण कसं चालतं ते सांगायला हवं. आमच्यात धाकट्याच्या बायकोनं थोरल्या दिराशी थेट बोलायचं नसतं. डोक्यावरचा पदर पुढं ओढायचा, अंग चोरायचं, वाट सोडून बाजूला व्हायचं. नव्या पोरी आता हे पाळत नाहीत, पण भावजय जुन्या वळणाची. तिच्या लग्नात मी नव्हतो, शिबिर होतं आणि सरांनी सोडलं नव्हतं. तेव्हापासून मी तिला पाहिली ती पदराखाली वाकलेली, नाहीतर दाराआड बसलेली. धड तोंड पाहिलं नव्हतं. पण तोंड चालतं तिचं. मी भावाला म्हणायचो, कालवणात मीठ जास्त आहे. ती भिंतीकडं बघून म्हणायची, "थोरल्यांना म्हणावं, पुण्याचं अळणी खाऊन जीभ गेलीया." मी म्हणायचो, त्या भिंतीला सांग, जीभ माझी जाग्यावर आहे. भाऊ मधे बसून भाकरी मोडायचा. अशी कैक वर्षं आम्ही एकमेकांना घालूनपाडून बोललो आणि एक शब्द एकमेकांशी बोललो नाही.

खरं वैर झालं ते पोरीवरनं. भावाला एकच मुलगी, तीही लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली. सातवीत ती वाढायला लागली ती थांबेचना. बापाच्या खांद्याला आली, कानाला आली, बापाच्या वर गेली. लोक म्हणाले, थोरल्या चुलत्यावर गेली. भावजयीनं पहिलं काय केलं असेल, तर पोरीचं दूध बंद केलं. गोठ्यात दोन गाई, डेअरीला दूध जातंय, आणि घरातल्या पोरीला काळा चहा. दूध बंद करून कुणी वाढायचं थांबलंय का? पण सांगणार कुणाला, भिंतीला?

मग सुरू झालं खांदे पाडणं. पोरगी अंगणातून चालली की आतून आवाज यायचा, "खांदे पाड." पाणी आणायला निघाली की खांदे पाड. फोटो काढायचा तर बसून. अंबाडा घालायचा नाही, डोकं वर दिसतं. चपला पातळ तळाच्या. चारचौघांत उभं राहायची वेळ आली तर अंगणाचा उतार बघून खालच्या अंगाला उभं राहायचं. पाहुणे विचारतील तर सांगायचं, तशी लई न्हाई, साधारणच हाय. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी एकदा भावाच्या ओट्यावर उभा राहून गावाला ऐकू जाईल अशा आवाजात बोललो, की लेकरू आहे का लिंबोणीचं झाड, छाटायला? त्यावर भिंतीला सांगण्यात आलं, की थोरल्यांना पोरगी उजवायची न्हाई, आमाला हाय.

मी आळेफाट्याहून वेल्डरकडून लोखंडी रिंग करून आणली आणि आमच्या खळ्यावर गर्डर रोवून लावली. पोरीला चेंडू दिला. कॉलेजला नारायणगावला जायची, तिथल्या टीममध्ये लागली. संध्याकाळी खळ्यावर मी तिला उभी करायचो. खळ्याला लागून ऊस आहे, दिवस कलला की बिबट्याच्या भीतीनं कुणी तिथं थांबत नाही, तेव्हा जेवढा उजेड तेवढा खेळ. आणि काय सांगू, खेळायची. हात मोठे, पाय हलके आणि डोकं थंड, ते मात्र माझ्यावर गेलेलं नाही. खळ्यावर ती ताठ असायची. खळ्याची कड ओलांडून अंगणात पाय टाकला, की माझ्या डोळ्यांदेखत चार बोटं कमी व्हायची. बघवायचं नाही मला. मी तोंड फिरवून माझ्या खोलीत जायचो.

बारावी झाली, स्थळं यायला लागली. आली आणि गेली. मुलगी जरा दांडगी वाटते म्हणायचे. शेवटी जुन्नरकडचं एक स्थळ अर्धवट तयार झालं. मुलगा उंचीला हिच्या कानापर्यंत येत होता. त्याच्या आईनं अट घातली, की हे चेंडू खेळणं बंद आणि लग्नात नवऱ्यामुलाला पाटावर उभं करू, कुणी हसायचं नाही. भाऊ हो म्हणायच्या बेतात होता. मी आडवा आलो. बरंच वाजलं. अखेर भाऊ म्हणाला, अक्षय तृतीयेपर्यंत पोरीला खेळाची नोकरी लागत असेल तर बघा, नाही तर मी सुपारी फोडणार. पोरगी तिथंच उभी होती, खांदे पाडून. नंतर माझ्या खोलीवर आली आणि एवढंच म्हणाली, "आप्पा, मला खेळायचंय."

खेळाच्या नोकऱ्या देणारा एकच माणूस मला ठाऊक होता. सर आता एका खात्याच्या मुलींच्या टीमसाठी पोरी निवडत होते. फोन हातात घेऊन मी अख्खी दुपार बसलो. ज्याचं नाव कानावर आलं तरी गुडघा ठणकायचा, त्याला विनवायचं? केला फोन. पलीकडून पहिला शब्द आला तो, उंची किती? मी कसा आहे, जिवंत आहे का, काही नाही. मी सांगितलं, सेंटर आहे, स्वतः येऊन बघा. म्हणाले, शिर्डीला जायचंच आहे, वाटेत येतो, आधी घरी बघतो, आईबाप बघतो. म्हटलं, दात पण बघा. त्यांना कळलं नाही, किंवा कळून घेतलं नाही.

ठरल्या दिवशी सकाळी मी नारायणगावला जाऊन थांबलो. सर स्वतःची गाडी घेऊन आले होते. टोपी तीच वाटली. पुढच्या सीटवर गुडघे डॅशबोर्डला लावून मी लोणीचा रस्ता दाखवत होतो आणि ते जुन्या पोरांच्या आठवणी काढत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "गुडघा कसा आहे रे?" मी म्हटलं, "तुमच्याकडंच आहे." त्यांनी एसी वाढवला.

मी सकाळीच बाहेर पडलो होतो, तीच चूक झाली. घरात काय चाललं होतं ते मला कळलं नाही. त्यांच्या डोक्यात फक्त एवढंच राहिलं होतं, की पुण्याहून माणूस पोरीला बघायला येतोय. आणि आमच्या घरात पोरीला बघायला कुणी येणार म्हटलं की काय करायचं, हे आता सगळ्यांच्या हाडात बसलेलं. उंचीसाठी येतोय हे भावाला मीच दहादा सांगितलं होतं. त्यानं मान डोलावली होती. तरी.

आम्ही ओसरीवर बसलो. भावानं टोपी काढून हात जोडले आणि कुणी न विचारता म्हणाला, "तशी लई न्हाई, साहेब. साधारणच हाय." मी त्याच्याकडं बघतोय तोवर दाराआडून भिंतीला सांगणं आलं, की उंच वाटतीया ती चपलीनं. आणि मग पोरगी आली. पोह्यांचा ट्रे हातात, अंगावर आईची साडी, केस तेल लावून चापूनचोपून बसवलेले, पायात चपला सुद्धा नाहीत. त्या दारातून वाकून आली आणि वाकलेलीच राहिली. ट्रे ठेवला आणि शिकवल्याप्रमाणे चटकन सतरंजीवर बसून घेतलं.

सर म्हणाले, बाळ, उभी रहा. ती उभी राहिली. एक गुडघा ढिला, खांदे पडलेले, मान आत. मी म्हटलं, सरळ. तिनं मान वर केली, पण पाठ येईना. परक्या माणसापुढं तिची पाठ सरळ व्हायचं विसरली होती. पुन्हा म्हटलं, सरळ हो गं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि खांदे अजूनच पडले. सरांनी चहा पुरता संपवला. कप खाली ठेवला. मग माझ्याकडं वळून, पोरीसमोर, बापासमोर म्हणाले, "तू सेंटर म्हणाला होतास. ही तर पोक काढून चालणारी मुलगी आहे. हिची पाठ घेऊन मी काय करू?" आणि उठले. शिर्डीला उशीर होत होता त्यांना.

भाऊ त्यांना निरोप द्यायला उठला सुद्धा. मला त्या क्षणी कुणाचा जास्त राग आला सांगता येत नाही. भावाचा, दाराआडच्या त्या बाईचा, का पेपरात ढाल घेऊन उभं राहिलेल्या या माणसाचा. मी ग्रिलच्या दारात जाऊन उभा राहिलो. ते दारही बुटकंच. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला, मी उभा राहिलो तर माशी जायला जागा उरली नाही. म्हटलं, आधी खळ्यावर चला, मग देवाला जा. सर म्हणाले, बाजूला हो. मी झालो नाही. माझ्यापुढं उभं राहून बाजूला हो म्हणणारे पुष्कळ पाहिलेत मी, धंदाच होता तो.

खळ्यावर गेलो. पोरीनं साडी खोचली. मी चपला काढल्या आणि रिंगखाली तिच्या मागं उभा राहिलो. भावाला चेंडू दिला आणि सांगितलं, मी म्हणेन तेव्हा हिच्याकडं टाक. सर कडेला घड्याळ बघत उभे.

मी अंग टाकलं. समोर वाकलेली पाठच होती, पहिल्याच रेट्यात पोरगी पुढं जाऊन हातांवर पडली. भाऊ म्हणाला, आप्पा, साडीत हाय ती. मी म्हटलं, तुझ्या कृपेनं. तिला उठवलं, पुन्हा उभी केली. तिच्या कानाशी म्हणालो, "वाकायचंच असंल तर गुडघ्यात वाक. पाठीत न्हाई." पुन्हा रेटलं. या खेपेला पडली नाही, पण थरथरत होती आणि पाठ हळूहळू खाली जात होती. मला ती हाडं हाताखाली कळत होती. माझा गुडघा पेटला होता, पण मी जोर कमी केला तो गुडघ्यामुळं नाही. मला पोरीची दया आली. आणि दया आली म्हणजे खेळ संपलाच.

तेवढ्यात मागून आवाज आला. "ढकला."

मला वाटलं, भिंतीला सांगतेय. पण खळ्यावर भिंत कुठली. भावजय अंगणाची कड ओलांडून आत आली होती, अनवाणी. ती माझ्याकडं बघत होती, थेट, डोळ्याला डोळा देऊन, आणि त्या डोळ्यांत माझ्याविषयी काडीचंही प्रेम नव्हतं. म्हणाली, "ढकला, आप्पा. हातचं राखू नका."

डोक्यावरचा पदर मागं घसरला. तिनं तो वर घेतला नाही. ती सरळ उभी राहिली. आणि मी बघतच राहिलो. शेजारी चेंडू धरून माझा भाऊ उभा होता, तो तिच्या कानाखाली होता. इतकी वर्षं मी या बाईला बुटकी समजत होतो. बोहल्यावर चढल्यापासून ती खांदे पाडून जगत होती, नवऱ्यापुढं आणि थोरल्या दिरापुढं, म्हणजे माझ्यापुढं. पोरगी माझ्यावर गेली म्हणून मी गावभर मिरवत होतो. ती तिच्या आईवर गेली होती.

पोरगीही आईकडं बघत होती. तिनं एकदा नाक ओढलं आणि गुडघ्यात बसली. मी भावाला म्हटलं, टाक. आणि ढकललं. दया नाही, माया नाही, जसा दिल्लीच्या, चंडीगडच्या त्या दांडग्यांना रेटायचो तसा सगळा भार घालून ढकललं. जागची हलली नाही. पाठ अशी लागली हाताला, की मला एक पाऊल मागं घ्यावं लागलं. चेंडू आला, तिनं दोन्ही हातांनी छातीशी दाबला, उजव्या खांद्यावरून मला हूल दिली आणि डावीकडून वळली. हूल मीच शिकवलेली, तरी मी फसलो. गुडघ्यानं त्याच वेळी राजीनामा दिला आणि मी खळ्यात मातीत बसलो. वर रिंग वाजली. चेंडू माझ्या डोक्याशेजारी पडला.

सर जवळ आले. आधी पोरीभोवती फिरले, पाठीवर हात ठेवून पाहिला. म्हणाले, सोमवारी पुण्याला ट्रायलला आणा, पण मी बघितलं ते पुरेसं आहे. मग मला उठवायला त्यांनी हात पुढं केला. मी तो घेतला नाही. मातीत बसूनच सांगितलं, "हिच्या गुडघ्याला सुई लागली असं कानावर आलं, तर मी पुण्याला येईन. अन् देवाला जायला तुमचे पाय ऱ्हाणार न्हाईत." ते हसले. मी हसत नव्हतो हे त्यांना उशिरा दिसलं, तेव्हा हसायचे थांबले.

भावानं माझ्या काखेत हात घालून मला खोलीवर आणलं. जुन्नरच्या स्थळाला नकार कळवावा लागला म्हणून तो आठवडाभर फुगून होता. भावजय संध्याकाळपर्यंत पुन्हा पदरात गेली होती. रात्रीच्या भाकरीबरोबर भिंतीला सांगणं आलं, की थोरल्यांना म्हणावं, गुडघ्याला मिठाचा शेक द्या, पुन्हा कुणाची पोर ढकलायची झाली तर लागंल. मी म्हटलं, भिंतीला सांग, शेक घेतलाय. आमचं काही गोड झालं नाही. होणारही नाही. पोरीचं दूध तोडलेलं मी विसरलो नाही, आणि तिला काय काय आठवत असेल ते ती भिंतीलाच सांगो.

ट्रायल झाली, पोरगी लागली. हॉस्टेलला जायच्या दिवशी आम्ही तिघं तिला सोडायला नारायणगावच्या स्टँडवर गेलो. टोमॅटोच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला, जीपवाले ओरडत होते, आणि पुण्याची गाडी लागली ती भरूनच. पोरगी आत घुसली, छताला डोकं आपटलं, खिडकीपाशी जागा मिळाली. भावजय पिशवी घेऊन खिडकीखाली गेली. खिडकी उंच होती. बाकीच्या बाया टाचा उंचावून पिशव्या वर देत होत्या. तिनं पदर कमरेला खोचला, सरळ झाली आणि पाय न उचलता पिशवी खिडकीतून आत दिली. मग तोच हात आत घालून पोरीच्या पाठीवरून फिरवला, वरून खाली, सावकाश.

स्टँडवरचे लोक बघायला लागले. एक वाकलेला आडमाप म्हातारा, एक नवऱ्याहून उंच बाई, आणि मधे माझा भाऊ. भावाचा चेहरा उतरला. तो तिच्या मागं जाऊन हळूच म्हणाला, पदर घे, खांदे पाड, लोकं बघत्यात.

तिनं त्याच्याकडं वळून पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. स्टँडवर भिंती होत्या की, हव्या तेवढ्या होत्या. पण ती मला म्हणाली,

"आप्पा, तुमच्या भावाला म्हणावं, बघू द्या."

मी भावाला सांगितलं.